मरणाआधी बसायला येणारा माणूस

आमच्या वऱ्हाडात माणूस गेला की लोक त्याच्या घरी बसायला जातात. फार बोलायचं नसतं. चपला बाहेर काढायच्या, सतरंजीच्या कडेला टेकायचं, "कसं झालं" एवढं विचारायचं आणि थोड्या वेळानं 'येतो' न म्हणता उठायचं. मुनीमजींना कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ते सांगायचे, "बसाले जातो."

विचारणारा गडबडून जायचा. "कोन वारलं?"

"अजून कोनी नाई. लोकं मेल्यावर जातात, मी आधी जातो."

हे ते विनोद म्हणून सांगत नसत. अकोल्यातल्या एका लहानशा संस्थेत ते कामाला होते आणि त्यांचं काम खरोखर तेच होतं. मनाच्या आजारातून जो स्वतः गेला आहे, त्याला दुसऱ्या आजारी माणसाच्या घरी पाठवायचं. ज्यानं भोगलं त्याला फार समजावून सांगावं लागत नाही, असं संस्थेच्या डॉक्टर मॅडमचं म्हणणं होतं. मुनीमजींच्या ओळखपत्रावर 'समदुःखी सोबती' असं छापलं होतं. ते कार्ड त्यांनी कधी गळ्यात घातलं नाही. मॅडमना म्हणाले, "समदुःखी कसं काय? तुमी काय दोघाइचं दुःख काट्यावर ठेवून पाह्यलं?"

काटा, तोल, भाव, हे शब्द त्यांच्या तोंडात बाजारातून आलेले. तरुणपणी ते अकोल्याच्या बाजारात एका अडतीच्या दुकानात मुनीम होते. दुकान सुटलं, बाजार सुटला, 'मुनीमजी' तेवढं राहिलं. त्यांच्या आजाराला डॉक्टर बायपोलर म्हणत. मुनीमजी तेजी-मंदी म्हणत. "तेजीत मानूस मरत नाई, पन बाकीच्याइले मारते. मंदीत उलटं." पहिली मोठी तेजी आली तेव्हा ते भर बाजारात तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर चढले आणि त्यांनी स्वतःच हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू केला. कुणी कधी ऐकला नव्हता असा भाव पुकारला. शेतकऱ्यांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग कुणीतरी खरंच मानलं आणि गर्दी दुकानावर आली. शेटच्या पोरांनी त्यांना खाली ओढून गोदामात बंद केलं. संध्याकाळी बायको न्यायला आली. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली आणि पुन्हा आली नाही. पुढे तिथेच वारली. एवढं सगळं ते हवामानाची बातमी सांगावी तसं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "तिचं काई चुकलं नाई. भाव मीच लय वर नेला होता."

त्यांच्याजवळ एक जुनी काळी सायकल होती. ते ती कधी चालवत नसत, हातात धरून चालत. अकोल्याच्या उन्हात डोक्याला ओला दुपट्टा, सदऱ्याच्या खिशात कांदा आणि बाजूला सायकल, असा हा माणूस रस्त्यानं जाताना दिसला की रिक्षावाले म्हणायचे, "मुनीमजी, पंक्चर झाली काय?" हे म्हणायचे, "हो." मला एकदा त्यांनी खरं सांगितलं. एका तेजीत ते हीच सायकल दामटत थेट कौंडण्यपूरला निघाले होते. रुक्मिणीच्या माहेरून आपल्याला बोलावणं आलंय, असं त्यांना वाटत होतं. मे महिना होता. वर्धा नदीच्या पात्रात वाळूवर पडलेले सापडले. "तवापासून सायकलवर बसत नाई," ते म्हणाले. "बसलं का घाई होते."

मी विचारलं, "मग सोबत कशाला नेता?"

"हाताले काहीतरी धराले पायजे ना."

*

आमच्या घरी ते आले तेव्हा मी तेविशीत होतो. अमरावतीला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मला काहीतरी झालं. काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. एका सकाळी मेसच्या रांगेत उभा होतो आणि हातातलं ताट धरवेना. बाबा येऊन घेऊन गेले. अकोल्यात डाबकी रोडवरच्या घरात मागची खोली माझी. त्या खोलीत मी उन्हाळा काढला, पावसाळा काढला, तुरी काढणीला आल्या तरी मी आतच. आई दाराशी ताट ठेवून जायची. बाबा दाराला कान लावून उभे राहायचे. ते उभे आहेत हे मला आतून कळायचं, आणि मी मुद्दाम जरा जोरात श्वास घ्यायचो, म्हणजे ते जातील.

मुनीमजी दुपारी आले. खोलीत आले, माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, वर पंख्याकडे पाहिलं. "बेस खोली हाये," म्हणाले. आईकडून चटई मागून घेतली, ती माझ्या पलंगाच्या बाजूला अंथरली, दुपट्ट्याची गुंडाळी उशाला घेतली आणि झोपले. थोड्याच वेळात घोरायला लागले. ते घोरणं साधं नव्हतं. बाहेर आई बाबांना म्हणत होती ते मला ऐकू येत होतं, "अहो, हा माणूस पोराले पाहाले आला का झोपाले आला?"

त्या घोरण्यात मला काही केल्या पडून राहवेना. वैतागून मी खोलीबाहेर आलो आणि अंगणात जाऊन बसलो. आई स्वयंपाकघरातून आली, मला अंगणात पाहिलं आणि हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं. बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते. थोड्या वेळानं पाहिलं तर तेही झोपले होते, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे.

उठल्यावर मुनीमजींनी चहा घेतला. आईनं जरा रागानंच विचारलं, "रोज असेच येऊन झोपान काय?"

"वयनी, ज्या घरी कोनी आजारी पडते ना, त्या घरी कोनीच झोपत नाई. समदे जागतात. अन् आजारी मानसाले वाटते, आपल्यापाई जागून राह्यले. एका मानसानं तं झोपून दाखवा लागते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "याचा बाप पाहा, कसा मस्त झोपला. मी याच्यासाठी नाई आलो, मी त्याच्यासाठी आलो."

असे ते हिवाळाभर येत राहिले. कधी झोपले, कधी नुसते बसले. तुला काय वाटतं, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी एकदा चिडून म्हणालो, "तुम्ही काहीच का विचारत नाही?" तर म्हणाले, "तुले माहीत असतं तं तू सांगतलंच असतं."

मी हळूहळू बाहेर आलो. त्यांच्यामुळे, गोळ्यांमुळे, की दिवस गेल्यामुळे, कोण जाणे. इंजिनियरिंग मात्र राहिलं ते राहिलंच. पुढे डॉक्टर मॅडमनी मलाच विचारलं, तू हे काम करशील का. मी मुनीमजींना विचारलं, करू का? ते म्हणाले, "कर. पन एक लक्षात ठेव. कोनी बरं झालं तं आपल्यामुळं झालं असं समजू नको. मंग कोनी नाई झालं तं तेबी आपल्यामुळंच असं समजा लागते." आणि मग सायकल हातात घेऊन चालायला लागले. त्यांचं हे वाक्य मी पुढे कित्येकांना ऐकवलं. त्यांना स्वतःला मात्र ते पाळता आलं नाही, ती गोष्ट नंतर येते.

*

शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये आजारी माणसांच्या घरच्यांची बैठक असायची. आया, बाप, एखादा भाऊ, एखादी नवी नवरी. तिथे मुनीमजींचा एकच नियम होता: रडायचं तेवढं रडा, पण दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही. जो सल्ला देईल त्यानं बैठक संपल्यावर हॉल झाडायचा. झाडू ते स्वतःच्या खुर्चीला टेकवून ठेवायचे. पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त साहेब होते, त्यांची मुलगी आजारी होती. ते दर शनिवारी झाडायचे. एकदा एक बाई म्हणाली, "त्या पोरीचं लगन करून टाका, आपोआप बरी होते." मुनीमजी उठले आणि झाडू तिच्या मांडीवर नेऊन ठेवला. सगळे हसले, ती बाईही हसली आणि हसता हसताच रडायला लागली. तिच्या मुलाचं तेच करून झालं होतं, आणि सून दिवाळीत निघून गेली होती.

म्हाताऱ्या माणसांशी त्यांची तऱ्हा वेगळी होती. त्यांच्याशी ते भांडायचे. अमरावतीला अंबादेवीच्या देवळामागे एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहत. यजमान गेलेले, मुलगा पुण्याला. बाईंनी अन्न जवळजवळ सोडलं होतं. आता पुरे झालं, एवढंच म्हणायच्या. मुनीमजी दर आठवड्याला गाडीनं बडनेऱ्याला उतरून तिकडे जात. एकदा मी बरोबर होतो.

दारातच ते म्हणाले, "बाई, मले पानी पायजे."

"मला," बाई आतून म्हणाल्या. "मले नाही. आणि पाणी. बाणातला 'ण'."

"तेच तं म्हनून राह्यलो. मले पानी."

बाई उठल्या. उठून, रागानं थरथरत, पेला घेऊन आल्या. "साठीला आलात. इतकी वर्षं ही भाषा बोलता, लाज नाही वाटत?"

"लाज कायची? तुमालेच तं दोन घास खाल्ल्याबिगर बोलाची ताकत नाई. खाऊन घ्या अन् मंग शिकवा मले."

त्या खरंच खायच्या. पोळी चुरून, मध्ये मध्ये त्यांच्या चुका काढत. परत येताना मी म्हणालो, "तुम्ही मुद्दाम जास्त गावंढळ बोलता." ते म्हणाले, "रागावते तवर जिती हाये."

बाई पुढे वर्षभरानं गेल्या, वयानंच गेल्या. मुलगा पुण्याहून आला. मी मुनीमजींना म्हणालो, चला, बसायला जाऊन येऊ. ते आले नाहीत. गेलेल्या माणसाच्या घरी ते कधीच जात नसत. "तिथं समदे असतात आता. माहं काय काम?" त्या दिवशी ते हॉलच्या पायरीवर बसून राहिले आणि शनिवार नव्हता तरी त्यांनी सगळा हॉल झाडून काढला.

*

पातूरच्या त्या मुलाबद्दल लिहायचं म्हणूनच मी खरं तर हे सगळं लिहायला बसलो, आणि इतका वेळ टाळत आलो.

पातूरला एस.टी. स्टँडसमोर त्याच्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान. दुकानात बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याच्याखाली मशीन, मशीनवर टेलरभाऊ, उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. मुलगा एकुलता एक. बारावीत असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. घरच्यांनी आधी दुसरे उपाय केले, मग दवाखाना. मुनीमजी त्याच्याकडे दोनेक वर्षं जात होते. पोरगा फार गोड होता. बरा असला की काजं करायला बसायचा आणि मुनीमजींच्या सदऱ्याची तुटलेली बटणं अंगावरच लावून द्यायचा. ते हलले की म्हणायचा, "हालू नका, सुई टोचंन." त्यानं पुन्हा कॉलेजचा फॉर्म भरला तेव्हा मुनीमजींनी आम्हा सगळ्यांना कचोरी चारली. कुणी बरं झाल्याचा आनंद त्यांनी असा उघड केलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी संस्थेत फोन आला. मुलानं जीव दिला होता.

फोन मी घेतला होता. मुनीमजी समोरच्या बाकावर बसले होते. मी सांगितलं. त्यांनी दुपट्टा डोक्यावरून काढला, घडी केली, पुन्हा डोक्यावर घेतला. मग उठले. मला वाटलं, हॉलकडे जातील. ते स्टँडकडे चालायला लागले. मी मागे गेलो. पातूरच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो आणि ते खिडकीबाहेर पाहत होते. गेलेल्या माणसाच्या घरी ते पहिल्यांदा जात होते.

दाराशी माणसं होती. आत बाया रडत होत्या. टेलरभाऊंनी आम्हाला येताना पाहिलं आणि ते उठून उंबऱ्यात येऊन उभे राहिले. "तुमी आता कायले आले, मुनीमजी?" आवाज मुळीच चढला नव्हता. "तुमी तं आधी येता ना?"

मुनीमजी मागे सरले आणि समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले. लोक मातीहून परत येईपर्यंत तिथेच उभे होते. कुणी त्यांना बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. मी देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही.

त्यानंतर ते दर आठवड्याला पातूरला जायला लागले. दुकानात त्यांना थारा नव्हता. मग ते समोर स्टँडच्या बाकावर बसत, दुकानाकडे तोंड करून. दुपारभर बसत आणि परत येत. कधी टेलरभाऊ दुकानातून उठून यायचे आणि भर स्टँडवर त्यांना नाही नाही ते बोलायचे. तुमच्या भरवशावर राहिलो, तुम्ही म्हणालात बरा आहे, तुमच्यासारख्या येड्याच्या हाती पोरगं दिलं. लोक जमायचे. मुनीमजी मान खाली घालून ऐकायचे. एकदा मी सोबत होतो, मला ते ऐकवेना. परतीच्या गाडीत मी म्हणालो, "तुम्ही जाणं बंद करा. तुमचा काही दोष नाही."

"त्याले शिव्या द्याले एक मानूस पायजे," ते म्हणाले. "घरच्याइले देईन तं घर मोडंन. मी बाहेरचा हावो. मले चालते."

मला तेव्हा वाटलं, हाही त्यांचा एक बसण्याचाच प्रकार. पण ते तेवढंच नव्हतं. त्यांची दाढी वाढायला लागली. शनिवारी लोक सल्ले द्यायला लागले आणि ते झाडू उचलेनासे झाले. पोरा, जेवला काय, असं ते मला रोज विचारायचे, तेही बंद झालं. संस्थेच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विषय काढला, अशा नाजूक केसला शिकलेला माणूस पाठवायला हवा होता का. डॉक्टर मॅडम रागावल्या. मुलाचे उपचार मी करत होते, काय विचारायचं ते मला विचारा, म्हणाल्या. मुनीमजी शेवटच्या खुर्चीवर होते. त्यांनी खिशातून ते कधी न घातलेलं ओळखपत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. "भांडू नका," म्हणाले. "मंदी येऊन राह्यली. मी जातो."

*

ते अमरावतीला गेले, साईनगरला, धाकट्या बहिणीकडे. बहीण अंगणवाडीतून निवृत्त झालेली, एकटीच होती. मी भेटायला गेलो तर त्या दारातच म्हणाल्या, "बापू, तो कोनाले भेटत नाई. माह्याशीबी बोलत नाई. ताट आत ठेवते, ताट बाहेर घेते."

मी त्यांच्या बंद खोलीसमोर बसलो. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी तिथेच फरशीवर आडवा झालो आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. आतून आवाज आला, "घरी जाय. तुले येत नाई ते."

एवढंच. मी पुन्हा दोनतीनदा गेलो. तेवढंही ऐकायला मिळालं नाही. मधे त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. ते परत आले, गोळ्या घ्यायला लागले, दार मात्र लावलेलंच. बहिणीला मॅडमनी दर शनिवारी फोन करायला सुरुवात केली. आमच्यातले सगळे जण आपापल्या परीनं जाऊन आले. शेकडो घरांत जाऊन बसलेल्या या माणसाच्या घरी आम्हाला कुणाला बसता आलं नाही. मी पोरांना भेटायचो, म्हाताऱ्यांना भेटायचो, घरोघर जाऊन तेच बोलायचो जे त्यांच्याकडून उचललं होतं, आणि दिवसभर मला ते खोटं वाटायचं.

पुढच्या वर्षीचा पावसाळा संपत आला होता तेव्हा मला एक फोन आला.

"जय भीम. पातूरहून बोलतो, टेलर." मागे मशीनचा आवाज नव्हता. "मुनीमजी काहून येऊन नाई राह्यले?"

मी सांगितलं, ते आजारी आहेत. कधीपासून, ते सांगितलं.

"कोठी हायेत?"

"अमरावतीला. पण ते कुणाला भेटत नाहीत."

"मी येतो उद्या. तुमी स्टँडवर असा."

दुकानाला कुलूप लावून ते सकाळच्या गाडीनं अकोल्याला आले. आम्ही अमरावतीची गाडी धरली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, ते समोरच्या सीटकडे पाहत बसले होते. मला भीती वाटत होती. हा माणूस तिथेही जाऊन शिव्याच देईल, असं मला वाटत होतं, आणि तरी मी त्यांना नाही म्हणू शकलो नव्हतो.

बहिणीनं चहा ठेवला. टेलरभाऊ बंद दाराजवळ गेले. "मुनीमजी, मी टेलर हावो. पातूरचा."

आत काही हललं नाही. मग कडी निघाली.

मी त्यांना कितीतरी महिन्यांनी पाहत होतो. अंग वाळलं होतं, दाढी छातीवर आली होती. ते आमच्याकडे न बघता पुन्हा खाटेवर जाऊन बसले. टेलरभाऊ खाली फरशीवर बसले, मी दाराशी. खोलीत गोळ्यांचा आणि बंद हवेचा वास होता. मला तो ओळखीचा होता.

मग मुनीमजी बोलले. आवाज इतका बारीक की पंखा बंद करावासा वाटला.

"टेलरभाऊ, त्याच्या आदल्या दिवशी तो माह्याकडे आला होता. अकोल्याले. खोलीवर." ते थांबले. "माही तब्येत बरी नोती. डोकं उठलं होतं. म्या दार थोडंसंच उघडलं. म्हटलं, आज नको पोरा, उद्या ये."

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. मॅडमना नाही, मला नाही. पातूरच्या बाकावर बसून त्यांनी टेलरभाऊंच्या सगळ्या शिव्या ऐकल्या, पण ज्यासाठी स्वतःलाच शिव्या द्यायच्या होत्या ते एक तसंच आत धरून ठेवलं होतं.

"मले माहीत हाये," टेलरभाऊ म्हणाले.

मुनीमजींनी मान वर केली.

"घरी येऊन सांगतलं त्यानं. मी मशीनवर होतो. म्हने, बाबा, मुनीमजीची तब्येत बरी नाई. त्याहिच्यापाशी कोनी नाई. तुमी एकडाव जाऊन या."

"अन् मंग?"

"मंग काय. लग्नसराई होती. कपडे पडले होते ढीगभर. म्या म्हटलं, उद्या पाहू." टेलरभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "तुमी उद्या म्हटलं, म्याबी उद्याच म्हटलं. अन् शिव्या तुमाले देत राह्यलो."

बहीण चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तशीच उभी राहिली. मुनीमजी रडले नाहीत. कितीतरी वेळ ते टेलरभाऊंच्या डोक्याकडे बघत होते. मग खाटेवर जरासे एका बाजूला सरकले. टेलरभाऊ फरशीवरून उठले आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसले. दोघंही समोरच्या भिंतीकडे तोंड करून. मी चहा घेतला आणि बाहेर ओट्यावर आलो.

त्यानंतर मुनीमजी बरे झाले, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ते कामावर परत आले नाहीत. अकोल्याची खोली सोडली. आता ते अमरावतीलाच असतात. काही आठवडे दार उघडं असतं. बहिणीला भाजी निवडून देतात, कुणी गेलं तर दोन शब्द बोलतात. काही आठवडे दार लागतं ते लागतंच. मॅडम म्हणतात, या वयात इतपतच.

टेलरभाऊ मात्र दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी अमरावतीला जातात. पातूरहून अकोला, अकोल्याहून अमरावती. दार उघडं असलं तर आत, नसलं तर ओट्यावर. हातशिलाईचं काही तरी सोबत नेतात, दुपारभर टाके घालतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतात. मागे एकदा ते मला अकोल्याच्या स्टँडवर भेटले. त्या दिवशीही दार उघडलं नव्हतं. लागोपाठ कितवी तरी खेप होती. गुडघे दुखतात, गाड्यांना गर्दी असते. मी म्हणालो, "भाऊ, इतका त्रास करून घेता. महिन्यातून एकदा गेलात तरी पुरे आहे."

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पोरानं जातांनी एकच काम सांगतलं होतं मले," ते म्हणाले. "तेवढं करून राह्यलो."

पातूरची गाडी लागली होती. ते चढले.